कोळीवाड्यात लिनक्स

२३ जानेवारी १९९९, शनिवार
ठरलं. विंडोज सोडायचं. आपल्या कॉम्प्युटरमधलं विंडोज चोरीचं. शेजारच्या रतनने कुठूनशी सीडी आणून घालून दिलेलं. माणूस सज्जन, पण चोरी ती चोरी. मासिकाबरोबर लिनक्सची सीडी फुकट आलीय. जगभरच्या लोकांनी मिळून बनवलेलं, मालक कोणी नाही. तत्त्व पटलं. (ऑफिसातले नवे साहेब लिनक्सवाले आहेत, त्याचा इथे काही संबंध नाही.)

२४ जानेवारी
बायकोला, सरस्वतीला सांगितलं. तिने एवढंच विचारलं, माझ्या धवल्यांचं काय? मनुआत्या आमच्या कोळीवाड्याची धवलारीण. ती गायल्याशिवाय इथे लग्न लागत नाही. ती मांडवात धवले, म्हणजे लग्नविधींची गाणी गाते, सरस्वती टेप करते आणि घरी येऊन टाइप करते. दोन वर्षं हेच चाललंय. चैत्रातल्या जत्रेला पुस्तक काढायचंय. कॅसेट एकच. एक लग्न टाइप झालं की त्याच कॅसेटवर पुढचं. ही काटकसर मीच शिकवली.
तिला म्हटलं, अगं, फ्लॉपीवर कॉपी काढून ठेवू. उद्याच.

२५ जानेवारी
फ्लॉपी आणायला विसरलो. धवले कुठे पळून जात नाहीत.

२६ जानेवारी, सकाळी
प्रजासत्ताक दिन. याहून चांगला मुहूर्त नाही. झेंडावंदन टीव्हीवर बघितलं आणि सीडी घातली. निळा पडदा, इंग्रजीत प्रश्न. पटापट उत्तरं देतोय. एके ठिकाणी विचारतात, डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, चालेल का? असल्या सूचना लिहायच्या म्हणून लिहितात. ‘येस’ दाबलं.

दुपारी
झालं! काळा पडदा, वर एक ओळ. सरस्वती म्हणाली, चित्रं कुठे गेली? म्हटलं, चित्रं लहान मुलांना लागतात.

संध्याकाळी
धवले सापडत नाहीत. असतील कुठेतरी.

२७ जानेवारी
नाहीत. मासिक पुन्हा वाचलं. पुसलं जाईल म्हणजे पुसलंच जातं. जेवण गेलं नाही.

२८ जानेवारी
आज खरं सांगणार होतो. ताट वाढताना तिने विचारलं आणि माझ्या तोंडातून निघालं, व्हायरस. कुठून आला? म्हटलं, रतनच्या फ्लॉपीतून. त्याची मुलगी गेल्या आठवड्यात गेम घेऊन आली होती ना. बोलून गेल्यावर वाईट वाटलं. पण बोलून गेलो होतो. सरस्वतीने आमटी वाढली.

२९ जानेवारी
आत्याला कळलं. व्हायरस म्हणजे बाहेरची बाधा असं धरून तिने मीठ-मिरच्या ओवाळून कॉम्प्युटरची दृष्ट काढली. मी शेजारी हात जोडून उभा. खूप खोकलो.

३० जानेवारी
रतन आला. डोळ्यांत पाणी. म्हणाला, दादा, माज्या फ्लॉपीनं वयनीच्या मेहनतीचं वाटोलं केलं. मी म्हटलं, असू दे रे, होतं असं. म्हणजे मी त्याला माफ केलं! मेल्याहून मेल्यासारखं झालं. उद्या नक्की सांगतो.

३१ जानेवारी
रतन घरी नव्हता. तसं मी बघितलं नाही, पण नसणारच, रविवार होता.
आत्याला म्हटलं, तू घरीच गाऊन दाखव, सरस्वती लिहून घेईल. आत्या माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, मांडव नाय तं धवला नाय. आमच्यात पद्धतच तशी. देवांना बोलावून गायचं असतं, खुर्चीत बसून नाही.

५ फेब्रुवारी
रतनचा धाकटा भाऊ राघो, याचं लग्न २१ तारखेला देवळात साधेपणाने व्हायचं होतं. आता रतन म्हणतो, मांडव घालणार! हळदीपासून सगळं रीतसर. म्हणजे आत्या सगळे धवले गाईल आणि वहिनींना परत मिळतील. पैसे इथे लागतील, होडीची डागडुजी पावसाळ्यानंतर बघू म्हणतो.
सांगायला त्याच्या दारापर्यंत गेलो. बांबू उतरवत होता. म्हणाला, बरे आयलाव दादा, एक टोक धरा. धरलं. उतरवून झाल्यावर घरी आलो.

१२ फेब्रुवारी
सरस्वतीने विचारलं, या नव्यात मराठी टाइप होतं का? बघितलं. मला तरी जमलं नाही. तात्पुरतं विंडोज परत घालतोय. सीडी रतनकडेच मागावी लागली. तो स्वतः येऊन घालून गेला. चोरीचं आहे, पण तत्त्व म्हणजे हट्ट नव्हे.

२० फेब्रुवारी
हळद. रतनने सगळ्यांत आधी मला पाट दिला. राघोला लावून झाल्यावर हळद लावली तीही आधी मला. उद्या लग्न लागायच्या आत सांगायचंच. शपथ.

२२ फेब्रुवारी
काल लग्न लागलं. शपथ पाळली नाही. पंगतीला बसलो, रतन वाढायला आला, मटणाची वाटी भरली आणि मी पानावरून उठलो. हात धरून त्याला बाजूला नेलं आणि सांगून टाकलं. व्हायरस नव्हता. तुझी फ्लॉपी नव्हती. मीच पुसलं.
रतन म्हणाला, मना ठावं हाय. वयनींनी पयल्याच आठवड्यात सांगलं. पडद्यावर काय लिवलेलं ते त्यांनी मागं उभं रावून वाचलं व्हतं, पन त्या थांबवायच्या आत तुमी बटन दाबलं.
मग हा मांडव कशाला, मी विचारलं. तो म्हणाला, आत्याचं वय जालं, परत कवा गाईल कुणाला ठावं. आन् तुमी सांगाल म्हणून सगली थांबली व्हती.
सगळी म्हणजे कोण, ते विचारायचा धीर झाला नाही. आत्यासुद्धा असणार. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.
मांडवात आत्या गात होती. सरस्वती तिच्या पायाशी टेप घेऊन बसलेली, हात अवघडला असावा. जवळ जाऊन म्हटलं, मी धरतो थोडा वेळ.
तिने दिला नाही.