आईचा पार्ट

८ नोव्हेंबर १९८७, रविवार

माफ कर. सात महिने तुला उघडलं नाही. शेवटची नोंद गुढीपाडव्याची, तीही अर्धवट: "श्रीखंड आंबट निघालं —" एवढंच. कारणं द्यायला बसलो तर पान भरेल आणि त्यातलं एकही खरं नसेल. आळस, दुसरं काय!

आज मात्र लिहायलाच हवं, कारण आज मी एक काम अंगावर घेतलं आहे आणि ते झेपेल की नाही ठाऊक नाही. घाटकोपरला आमचं सात-आठ जणांचं मंडळ आहे. अंधांसाठी पुस्तकं वाचून त्यांच्या कॅसेटी करतो. आजवर कादंबऱ्या झाल्या, चरित्रं झाली. आजच्या बैठकीत मी सहज म्हणालो, एखादं नाटक करू या, वेगवेगळ्या आवाजांत. सगळे एका सुरात — "मग तुम्हीच करा, शिवदास!"

नाटकही मीच सुचवलं. भाऊरावांचं 'कोंडा'. सत्तावन्न साली गिरणी कामगारांच्या स्पर्धेत पहिलं आलेलं. चाळीतल्या एका खोलीत दोन भाऊ गावच्या जमिनीवरून भांडतात. आई कोपऱ्यात सूप घेऊन तांदूळ पाखडत असते. तिन्ही अंकांत ती एक अक्षर बोलत नाही. शेवटी मुलं कायमची वेगळी होतात, तिचं सूप थांबतं, पडदा. मी हे नाटक चार वेळा पाहिलंय. एकाहत्तर साली त्यावर दिवाळी अंकात लेख लिहिला — 'मौनाचं सामर्थ्य'. दरवर्षी शाळेत दहावीच्या मुलांना ते मौन समजावून सांगतो.

जानकीला सांगितलं. "कोंडा? डोक्यातला?" लग्नापासून हाच विनोद. मीही दर वेळी हसतो.

११ नोव्हेंबर, बुधवार

कामाची एक पद्धत बसवली. पानाच्या मधोमध रेघ. डावीकडे 'डोळा', उजवीकडे 'कान'. रंगमंचावर जे दिसतं ते डावीकडे लिहायचं, ते ऐकू कसं येईल हे उजवीकडे. थोरला पत्र फाडतो — कागदाचा आवाज. धाकटा दारातून परत फिरतो — थोरल्याच्या तोंडी "आलास परत?" घातलं. दोनच शब्द, पण माझे. भाऊरावांच्या नाटकात माझे दोन शब्द! तासभर खोडू की ठेवू चाललं होतं. ठेवले.

आई आली की मात्र डावी बाजू गच्च आणि उजवी कोरी.

दुपारी शाळेच्या ऑफिसात फोन आला. चारकोपच्या कुठल्याशा वाण्याकडून प्रेमाताई बोलत होत्या. बावीस वर्षं प्रत्येक प्रयोगात आई त्यांनीच केली. दिवसा गिरणीत वाइंडिंग खात्यात, संध्याकाळी तालमीला. आता साठी उलटली आहे. कॅसेटची बातमी त्यांना कुणी दिली कोण जाणे. पलीकडून ओरडून, तुटक मालवणीत — "शिवा, माझो पार्ट आसा मां रे?"

मी म्हणालो, "आहे म्हणजे काय ताई! तुमच्याशिवाय कसं होईल?"

फोन ठेवला आणि मग डोकं चाललं. न बोलणाऱ्या बाईचा पार्ट — कॅसेटवर! काय बोलून बसलो मी?

१५ नोव्हेंबर, रविवार

कुर्ल्याला भाऊरावांकडे. सहासष्ट वर्षांचे झालेत, आवाज अजून खणखणीत. म्हटलं, आईला दोनच वाक्यं द्या. दोनच.

"आई बोलली की नाटक मेलं. लिहून ठेव."

"पण ऐकणाऱ्याला ती आहे हे कळणार कसं?"

"ते तू बघ. मास्तर तू आहेस ना? बावीस वर्षं लोकं ती गप्प बाई बघायला येत होती."

"बघायला येत होती, भाऊराव. ऐकायला नाही."

"वा! लई हुशार झालास!" असं म्हणून पाठीत धपाटा घातला आणि सुनेला आम्लेट करायला लावलं. निघताना मात्र जिन्यापर्यंत आले. "एक सांगतो. प्रेमाला त्रास होईल असं काही करायचं नाही. माइकपुढं बिइकपुढं उभी करू नकोस तिला."

का, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. थोरामोठ्यांना 'का' विचारायचं माझ्या जिवावर येतं. हा दोष जुना आहे.

१६ नोव्हेंबर

जानकी डाळ निवडता निवडता — "अहो, सुपाचा आवाज येतो की!" झकास! हे मला का सुचलं नाही?

२२ नोव्हेंबर, रविवार

मंडळाच्या खोलीत ध्वनिमुद्रण. भिंतींवर गोधड्या टांगलेल्या, पंखा बंद, आणि दर दहा मिनिटांनी डोक्यावरून विमान गेलं की सगळ्यांनी मुकाट बसायचं. यंत्र माणिककडे. त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे, रविवार तो आम्हाला देतो.

प्रेमाताई चारकोपहून स्वतःचं सूप लुगड्याच्या फडक्यात बांधून घेऊन आल्या. सोबत दोन किलो तांदूळ. "रेशनचे हाडलंय. खडे आसले की आवाज बरो येता."

आणि काय पाखडलं त्यांनी! थोरला खोटं बोलतो तिथे सूप जोरात. धाकटा रडतो तिथे नुसतं बोट फिरतं, एकेक खडा वेचत. आम्ही आपापली वाक्यं विसरून बघतच राहिलो. बघत! तिथेच मला कळायला हवं होतं.

चहाच्या वेळी त्यांनी माणिकला विचारलं, "कॅसेट रवता मां रे? मी गेल्यावर पण वाजतली?"

"सांभाळली तर पन्नास वर्षं वाजेल, मावशी."

"नातू विचारता, आजी, तू नाटकात काय बोलायचंस? मी सांगतंय, तांदूळ पाखडी होतंय." सगळे हसले. त्याही हसल्या, पण आमच्याआधी थांबल्या.

२९ नोव्हेंबर, रविवार

हे नीट, क्रमाने लिहितो.

आमची पहिली श्रोता नेहमी राधा असते. जन्मापासून अंध, एका कंपनीत टेलिफोन ऑपरेटर. तिने पास केल्याशिवाय कॅसेट बाहेर जात नाही. प्रेमाताई मुद्दाम नवं पातळ नेसून आल्या होत्या. राधेसमोर बसल्या, गुडघ्यांवर हात ठेवून.

पहिला अंक संपला. राधा — "माणिक, हेड साफ कर ना. सारखं खर्र खर्र होतंय."

दुसरा अंक. "आणि हा पाऊस का थांबत नाहीये?"

तिसरा संपल्यावर — "मस्त झालंय, सर. फक्त आई कधी वारली ते नीट कळू दे. मला आधी वाटलं ती घरातच आहे. मग लक्षात आलं, हे दोघे तिच्या फोटोशी बोलतायत."

माणिकने खटकन टेप बंद केला. राधा — "का हो? चुकलं का माझं?"

प्रेमाताईच आधी हसल्या. "नाय गे बाय, तुझा खरा आसा. ऐकलंस शिवा? मेलंय मी! हार घालून भिंतीर टांगलास माका!"

मी त्यांना कोपऱ्यावरच्या हॉटेलात चहाला नेलं. माफी मागायची होती. त्यांनी मागू दिली नाही. गंभीर बोलायचं असलं की त्या मालवणी बाजूला ठेवतात. म्हणाल्या, "शिवा, तुला एक सांगते. आई मुकी नव्हतीच. मला अकरा वाक्यं होती."

मी कप खाली ठेवला.

"स्पर्धेच्या दिवशी पहिलं वाक्य आलं आणि माझी जीभ उचलेना. हात चालू होते, सूप चालू होतं. दुसरं गेलं, तिसरं गेलं. बाकीच्यांनी सांभाळून घेतलं. वाटलं, वाट लागली सगळ्यांची माझ्यापायी. आणि पहिलं बक्षीस! पुढच्या प्रयोगाला मी सगळं घोटून गेले. मास्तर म्हणाले, बोलू नको, मला असंच पाहिजे. तेव्हा समजलं. माझा आवाज नाही आवडला त्यांना. कसा आवडेल? खात्यात मशिनीवर ओरडून ओरडून फाटलेला."

मास्तर म्हणजे भाऊराव.

"त्यांना सांगू नको हं. शपथ घे."

घेतली.

३० नोव्हेंबर

तो लेख काढून वाचला. तिसऱ्याच परिच्छेदात — "लेखकाने आईला हेतुपुरस्सर मूक ठेवले आहे." हेतुपुरस्सर! एका बाईची जीभ उचलली नाही आणि मी सोळा वर्षं मुलांना त्यातला हेतू समजावतोय.

पण मग थिएटरात माझे डोळे भरून आले होते ते खोटं? ते खोटं नव्हतं. मौन खरंच मोठं होतं. फक्त ते तिला हवं आहे का, हे कुणी विचारलं नव्हतं. मी तर नाहीच.

३ डिसेंबर, गुरुवार

तीन दिवस एकच प्रश्न. भाऊरावांना सांगितलं तर शपथ मोडते. नाही सांगितलं तर कॅसेटवर ताईंच्या नावाने खरखर राहणार, आणि नातवाने कधी ऐकलीच तर तो म्हणेल, कॅसेट खराब आहे. भाऊरावांना न विचारता ताईंना बोलायला लावावं? ती चोरी.

शेवटी जानकीला सांगितलं. (हीसुद्धा शपथ मोडणंच.) तिने ऐकून घेतलं. "शपथ तिच्यासाठी पाळताय, की भाऊरावांसमोर तोंड उघडायला नको म्हणून?"

उत्तर तिला माहीत होतं.

६ डिसेंबर, रविवार

आज भाऊराव चैत्यभूमीला. उद्या शाळा सुटल्यावर जाईन.

७ डिसेंबर, सोमवार

गेलो. आडून सुरुवात केली — "मूळ हस्तलिखितात आईला काही वाक्यं होती का हो?"

त्यांनी चष्मा काढला. "प्रेमानं सांगितलं."

"नाही." खोटं बोललो. तुझ्याजवळ तरी कबूल करतो.

चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "विंगेत बसून रडत होती. सूप हातात तसंच. म्हणाली, मास्तर, यापुढं स्टेजवर पाय ठेवणार नाही. घरच्यांचा विरोध पत्करून आलेली पोर. काय करू? म्हटलं, अगं वेडे, मला असंच पाहिजे होतं! तू केलंस तेच बरोबर. तिला खरं वाटलं. डोळे पुसले. झालं."

"आणि पुढच्या प्रयोगाला?"

"पुढच्या प्रयोगाला वाक्यं परत दिली असती तर तिला कळलं नसतं का मी खोटं बोललो ते? मग परीक्षकांनी वाखाणलं. पेपरात आलं. तुझ्यासारख्यांनी लेख लिहिले. तुझा लेख मी तिला वाचून दाखवला होता. एवढी खूश झाली!"

माझा लेख! म्हणजे त्या दोघांच्या मधल्या भिंतीत माझीही एक वीट.

आणि मग मी बोललो. ठरवून नाही — आलंच तोंडात. "भाऊराव, त्या दुसऱ्या प्रयोगाला ती सगळी वाक्यं घोटून आली होती. तुम्ही नको म्हणालात. तिला वाटलं, तुम्हाला तिचा आवाज आवडत नाही. आजपर्यंत तिला तेच वाटतंय."

"घोटून आली होती?"

"हो."

"सगळी?"

"अकरा."

खिडकीकडे तोंड करून बसले. "जा आता, शिवदास." आम्लेट नाही, धपाटा नाही.

८ डिसेंबर

एकच शपथ दोनदा मोडली, एक खोटं बोललो, आणि हाती काय? दोन म्हाताऱ्या माणसांनी तीस वर्षं एकमेकांना जपलं होतं. त्या जपण्यात मी हात घातला. शाळेत फळ्यावर 'अलंकार' लिहिताना दोनदा चुकलो.

जानकी म्हणते, "बघा वाट. तुम्हाला दम धरता येत नाही."

१० डिसेंबर

निरोप नाही. पानावरची उजवी बाजू अजून कोरी.

१२ डिसेंबर, शनिवार

मधल्या सुट्टीत शिपाई सांगत आला, गेटवर एक म्हातारे उभे आहेत. भाऊराव! कुर्ल्याहून मुलुंडला, एकटे. आत या म्हटलं तर येईनात. "बोलू दे तिला," म्हणाले. "नाटक मेलं तर मेलं."

मी म्हणालो, मग ती अकरा वाक्यं द्या, आजच उतरवून घेतो.

"नाहीत." गेटची दांडी धरून उभे होते. "तिच्या हाती लागू नयेत म्हणून स्पर्धेच्याच दिवशी पानं फाडली. तीन दिवस आठवतोय. एक वाक्य आठवत नाही रे. मी लिहिलेलं — एकसुद्धा नाही. असली तर जगात फक्त तिच्याकडं आहेत. तिनं सांगितलं तसं लिही. मी कानामात्रा बदलणार नाही."

उद्या: चारकोप. कोरी वही घेऊन प्रेमाताईंसमोर बसणे.