नंबर लिहायच्या आधीची होडी

मी, यज्ञेश काळुराम मढवी, वय वर्षे तेवीस, राहणार कोपरी बंदराजवळ, ठाणे पूर्व, माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंचं काय करावं, आणि उद्या कोर्टात माझ्या तोंडून जे निघायला हवं ते निघालं नाही तर ते कुठे वाचावं, हे या मृत्युपत्राने लिहून ठेवत आहे. मी दारू प्यायलेलो नाही. मला धमकावून कुणी लिहायला बसवलेलं नाही; धमकावलंय ते न लिहिण्यासाठी. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" असं आईने सकाळी विचारलं, तेव्हा बऱ्याच वर्षांनी मी 'हो' म्हणालो.

तेवीस वर्षांच्या पोराला मृत्युपत्र कशाला, हे हरिहरकाकांनीही विचारलं. काका ठाण्याच्या कोर्टाबाहेर टाईपरायटर घेऊन बसायचे, आता घरीच असतात. मी सांगितलं, की उद्या गोमाजी तांडेल यांच्या केसची तारीख आहे आणि मी त्यांच्या बाजूने साक्ष देणार आहे. भाऊंचा माणूस दर्शन परवा बंदरावर भेटला, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "यज्ञेश, पोहायला जाताना भरती बघून जात जा रे. खाडी खोल आहे." भाऊ म्हणजे संदेशभाऊ, जे जानेवारीत आमच्या वॉर्डातून निवडून आले आणि ज्यांचे झेंडे मी दोन वर्षं बांधले.

काकांनी चष्मा पुसला. म्हणाले, "बस, लिही. पण शिव्या लिहिल्यास तर मी सही करणार नाही." त्यामुळे भाऊंबद्दल पुढे जिथे जिथे वाक्य मध्येच संपल्यासारखं वाटेल, तिथे वाचणाऱ्याने आपापल्या कुवतीने भर घालावी.

कलम १. कोपरीतल्या आमच्या दोन खोल्या वडिलांच्या माघारी आई जनाबाई, बहीण दक्षता आणि मी अशा तिघांच्या नावावर आहेत. माझा हिस्सा दक्षताला. आईला नाही, कारण आई तो मामाला देईल, आणि मामा खडवलीला आणखी एक पोल्ट्री टाकेल. आईने यावर रडू नये. तिला वडिलांचं जाळं, जे मी कधी धड दुरुस्त करायला शिकलो नाही, आणि माझी माफी.

कलम २. माझी मोटारसायकल विकावी आणि जे येईल ते गोमाजीकाकांच्या होडीच्या फळ्यांसाठी द्यावं. होडी जप्त होऊन खाडीच्या काठावर उन्हात पडून आहे. लाकडी होडी पाण्याबाहेर राहिली की सांधे उघडतात, हे पोलिसांना कळायची गरज नाही, पण मला कळतं. काका घेणार नाहीत. तरी द्यावं. गाडीचा मागचा ब्रेक लागत नाही, हे विकत घेणाऱ्याला सांगावं.

कलम ३. घोडबंदर रोडच्या कॉलेजची पुस्तकं, ड्रॉइंग बोर्ड वगैरे शेजारच्या कुठल्याही शिकणाऱ्या मुलाला. बोर्डाचा एक कोपरा तुटलेला आहे. "याच्या बॅगेला सुकटीचा वास येतो" असं म्हणणाऱ्या एकाच्या डोक्यात मी तो घातलेला. मला महिनाभर काढलं होतं. परत ये असं कॉलेजने सांगितलेलं, मी गेलो नाही. लोकांना मी सांगत आलो की मला जातीवरून हाकललं. हाकललं नव्हतं. राग गेला तेव्हा लाज वाटायला लागली आणि लाज वाटते म्हणून मी परत राग आणला. माझं बहुतेक सगळं असंच झालंय.

कलम ४. हे कलम वस्तूचं नाही. हरिहरकाका म्हणाले, "हे मृत्युपत्र आहे की जबानी?" मी म्हणालो, दोन्ही. माझ्याकडे पुरावा नाही. होडीचा मूळ फोटो मी घाबरून पुसून टाकला. पुरावा म्हणजे मी, आणि मी नसलो तर हे कलम.

आमच्या बंदरावर रीत आहे. होडी नव्याने रंगवली की आधी ती पाण्यात सोडून खुंट्याला बांधून ठेवायची, सांध्यांतून पाणी येतं का बघायचं. मग नारळ फोडून पूजा. आणि पूजा झाल्यावर सगळ्यात शेवटी नाव आणि नंबर. तो घरच्या लेकीने लिहायचा. पूजेआधी नंबर लिहिला तर होडी रुसते म्हणतात. दोन दिवस होडी बिननंबरची उभी असते आणि बंदरावरचं शेंबडं पोरही ती कुणाची ते सांगतं.

जानेवारीत गोमाजीकाकांनी होडीला निळा रंग दिला. त्यांची मुलगी समिधा धक्क्याच्या कठड्यावर बसलेली, बाजूला पांढऱ्या रंगाचा डबा. मला म्हणाली, "रविवारी नंबर मी लिहिणार. फोटो काढ ना रे, छान दिसतेय." मी होडीचा फोटो काढला. खरं म्हणजे तिचा काढायचा होता.

त्याच संध्याकाळी मी तिच्या घरी जाऊन काकांकडे तिला मागितलं. न सांगता, न विचारता, आईलाही न घेता. काकांनी मला चहा पाजला आणि म्हणाले, "पोरा, तू वाईट नाय. पन तुजा राग तुज्या आदी घरान शिरतं. कालेज सोरलास, आता भाऊचं झेंडं बांदतस. माजी पोर मी झेंड्याला नाय बांदनार." समिधा आत होती. ती बाहेर आली नाही. मी कप फुटेल असा ठेवला आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, भाऊंच्या ऑफिसात मीटिंग होती. मतदान तोंडावर आलेलं. पोरं म्हणाली, "भाऊ, बायका पाणीच विचारतायत. नळाला करंगळीएवढी धार, मत कशाला देऊ म्हणतात."

भाऊ म्हणाले, "मग त्यांना दुसरं पाणी दाखवा. खाडीचं."

त्यांनी टेबलावरून एक कागद उचलला. त्यावर चहाच्या कपाचे गोल उठले होते. खाडीकाठच्या सगळ्यांना वर्षात एक-दोनदा येतं ते सूचनापत्र: अनोळखी होडी दिसल्यास कळवा, नावाड्यांनी कागदपत्रं जवळ ठेवावीत. मला ते पाठ होतं, आमच्या बंदरावर ते गणपतीच्या वर्गणीच्या यादीशेजारी चिकटवलेलं असतं. इशारा खोटा नव्हता. फक्त दिवाळीनंतर आलेला होता आणि भाऊंनी तो जानेवारीसाठी ठेवून दिलेला. म्हणाले, "तारीख कापा. वरचे साहेब संध्याकाळच्या सभेत यावरच बोलणार आहेत, सगळीकडून एकदम उठलं पाहिजे. कोण निवडून आलं तर खाडी राखेल, एवढं लोकांच्या डोक्यात गेलं की नळ विसरतात." मग म्हणाले, "पण नुसत्या कागदाला कोण घाबरतं रे? फोटो पाहिजे."

मला कुणी विचारलं नव्हतं. मीच म्हणालो, "माझ्याकडे आहे."

दर्शनने फोटो मोठा करून बघितला. "नंबरच नाही हिच्यावर! कुणाची आहे?"

मी म्हणालो, "काय माहीत."

मजकूरही मीच लिहिला. "ठाणे खाडीत बिननंबरची संशयास्पद होडी. सुरक्षा यंत्रणांचा इशारा. माता-भगिनींनो, सावध राहा. भाऊ जागे आहेत." सोबत तारीख कापलेला कागद. संध्याकाळपर्यंत तो कोपरीपासून डोंबिवलीपर्यंत फिरला. रिक्षांवरच्या भोंग्यांतून वाजला. दक्षताने मला तोच पाठवून विचारलं, "दादा, ही गोमाजीकाकांची ना?" मी फोन पालथा ठेवला. आईने त्या दिवशी नळाबद्दल एक शब्द काढला नाही, खिडक्या लावून घेतल्या.

शनिवारी सकाळी काका होडीतलं पाणी बघायला गेले. धक्क्यावर पोरं जमली होती, नव्या टॉवरमधली होती आणि आमचीही होती. हातात झेंड्यांचे बांबू होते. ते बांबू मी वाटलेले.

"कुठून आणलीस? नंबर कुठंय?"

"माजीच होरी हाय रं! नंबर उद्या लिवाचा हाय."

"उद्या लिहिणार म्हणे! मुहूर्त काढलाय काय?" सगळे हसले.

मी वरच्या पायरीवर होतो. काकांनी मला बघितलं. त्यांना हायसं वाटलेलं मी त्यांच्या तोंडावर पाहिलं. ते म्हणाले, "यग्या, सांग रं यांना."

मी खिशातून फोन काढला आणि त्यात बघायला लागलो.

मग त्यांना मारलं. उजवा खांदा निखळला. पोलीस आले तेव्हा काका होडीचा दोर सोडेनात, म्हणून बिननंबरची होडी पाण्यात उतरवल्याच्या गुन्ह्यासोबत सरकारी कामात अडथळ्याचाही गुन्हा लागला. पूजेच्या आदल्या दिवशी पोलिसांच्या गाडीत बसताना ते दोर धरल्यासारखीच मूठ आवळून होते. भाऊंनी तासाभरात पोस्ट टाकली: "इशारा खरा ठरला. एक ताब्यात." वरच्या साहेबांनी नाव न घेता ठाण्याचं उदाहरण दिलं. भाऊ निवडून आले. त्या विजयात माझा वाटा किती, हे मोजायला मी बसत नाही. सगळ्या वॉर्डाने खिडक्या लावून मत दिलं, एवढं मला माहीत आहे.

मी मामाकडे खडवलीला पळालो. काका हॉस्पिटलात असताना मी कोंबड्यांना खाणं घालत होतो. भाऊंचा निरोप आला, "ये परत, पालिकेत चिकटवतो." मी आलो. एक आठवडा त्या नोकरीची वाटही बघितली. हे कुणाला माहीत नाही, म्हणून लिहितोय. मग एकदा जामिनावर सुटलेले काका मला भाजीच्या गाडीपाशी डाव्या हाताने पिशवी धरून उभे दिसले आणि मला म्हणाले, "कदी आलास गावशी?" बस, एवढंच. त्यांना फोटोचं माहीत नव्हतं. मी तिथेच, भाजीवाल्यासमोर सांगितलं. काकांनी पिशवी खाली ठेवली आणि निघून गेले. पिशवी मी त्यांच्या दारात ठेवून आलो.

होडी गोमाजी तांडेल यांची आहे. मला ते फोटो काढताना, मजकूर लिहिताना आणि पायरीवर उभा असताना माहीत होतं. इशारा जुना आहे आणि तो मतदानासाठी राखून ठेवलेला आहे, हेही माहीत होतं. हे मी केलं. समजून केलं.

कलम ५. भाऊंच्या वाढदिवसाचा बॅनर, ज्यात खालून दुसऱ्या ओळीत "युवा नेतृत्व" म्हणून माझं चपटं तोंड आहे, तो आईच्या पलंगाखाली आहे. दक्षताने तो सुकट वाळवायला अंथरावा. तोंड खाली करून.

कलम ६. मला काही झालं तर पुढील गोष्टी करू नयेत. चौकात माझा फोटो लावून भावपूर्ण श्रद्धांजली देऊ नये. भाऊंनी आईला भेटायला येऊन फोटो काढू नये. आले तर आईने आपल्या मनाला येईल ते करावं, ती माझी आई आहे, राग तिच्याकडूनच आलाय. आणि सगळ्यात महत्त्वाचं: मला खाडीपलीकडून आलेल्या कुणी मारलं, असं कुणी म्हणू नये. माझ्या मरणाचा इशारा करू नये. त्यावर एकही खिडकी लागू नये. मला भरतीची वेळ पाठ आहे आणि मी चांगला पोहतो.

कलम ७. चांदीचे झुमके, डबीसकट, ~~समिधा गोमाजी तांडेल हिला. तिने ते घातले नाहीत तरी चालेल. तसंच माझ्या मोबाईलमधलं~~ (रद्द. खालील नोंद पाहावी.)

नोंद. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. एक हरिहरकाका. दुसऱ्यासाठी मी तीन मित्रांना सांगितलेलं. एकाला ताप आला, एकाची गाडी पंक्चर झाली, एकाने फोन उचलला नाही. आम्ही काकांच्या ओट्यावर वाट बघत बसलेलो असताना समिधा आली. माझ्या आईने तिला सांगितलेलं. जानेवारीनंतर ती माझ्याशी आज पहिल्यांदा बोलली.

तिने उभ्यानेच सगळं वाचलं. कलम चारच्या शेवटी मी "माझ्याकडून मोठी चूक झाली" असं लिहिलेलं. तिथे बोट ठेवून म्हणाली, "चूक कुठे झाली? चूक म्हणजे चहात मीठ पडणं. तुला माहीत होतं ना?"

मी म्हणालो, हो.

"मग तसं लिही." मी तसं लिहिलं. ते वर आहे.

मग ती काकांना म्हणाली, "पेन द्या. मी करते सही."

काकांनी पेन हातातच ठेवलं. "बाळ, नीट ऐक. साक्षीदार झालीस की या मृत्युपत्रातून तुला काही मिळत नाही. कायदाच आहे तसा. वडिलांना मिळेल, तुला नाही. सातव्या कलमात तुझं नाव आहे."

ती सातवं कलम वाचायला लागली. मी बोललो, "समिधा, मी दुसरा साक्षीदार आणतो. उद्या सकाळी आणतो."

"उद्या तारीख आहे," ती म्हणाली. "काका, खोडा ते."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मृत्युपत्र माझं आहे, खोडायचं तर मीच खोडायला हवं. मी खोडलं. मध्येच एकदा हात थांबला, तेव्हा ती म्हणाली, "पुढचंही." झुमके दक्षताला द्यावेत.

ठिकाण: कोपरी, ठाणे पूर्व. दिनांक: २३ मार्च २०२६.

लिहून देणार: यज्ञेश काळुराम मढवी (सही)

यज्ञेशने वरील मजकूर आमच्यासमोर मोठ्याने वाचला, कलम चार दोनदा, आणि आमच्यादेखत सही केली. आम्हीही त्याच्यासमोर सही करत आहोत.

साक्षीदार १: हरिहर विनायक लेले, वय ७१, राहणार कोपरी (सही)

साक्षीदार २: समिधा गोमाजी तांडेल, वय २२, राहणार कोपरी बंदर (सही). मला यातलं काही मिळणार नाही, हे मला समजलेलं आहे. उद्या मी कोर्टात याच्यासोबत चालत जाणार आहे, साक्ष पुरी होईपर्यंत.