नगरसेवकासाठी आमेन

पडेगाव, रविवार

प्रिय आईस,

प्रभूच्या शांतीत सलाम. माझी तब्येत ठीक आहे, जेवण वेळेवर होते.

नव्या नगरसेवकाने आमच्या प्रार्थनेच्या शेडला कुलूप लावायला लावले, हे तुझ्या कानावर आले असेल. काळजी करू नकोस. आजची उपासना सत्यशीला मावशींच्या अंगणात झाली, आणि माणसे नेहमीपेक्षा जास्तच होती.

रीतीप्रमाणे मी राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना केली आणि त्याचेही नाव घेतले. कोणीच आमेन म्हटले नाही. मावशी म्हणाल्या, "पास्टर, त्याच्यासाठी बी? लई झालं हे."

मी म्हणालो, "पहिल्या ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांना तरी राजे कुठं चांगले मिळाले होते? तरी ते त्यांच्यासाठी प्रार्थना करायचेच. प्रार्थना म्हणजे खुशामत नाही, मावशी. कुलूप काढ म्हणून उद्या त्याच्या दारात भांडायला मीच जाणार आहे."

मग मावशींनी डोळे मिटले. "प्रभू, त्याला सुखी ठेव, अन् आमची चावी द्यायची बुद्धी दे." त्यावर सगळे आमेन म्हणाले.

तुझे गुडघे कसे आहेत? धाकट्या दिपालीची परीक्षा झाली का?

रोजच्या प्रार्थनेत तूही त्याचे नाव घे. माझ्या तोंडून ती प्रार्थना अजून भाषणासारखीच निघते, मनापासून नाही.

तुझ्या आशीर्वादात असलेला,
शांतवन