एका फिल्मवर तीन हंगाम

नाशिक रोड,
२ नोव्हेंबर १९७८

ती. फुलाअक्कास,
मंगळूचा शि. सा. नमस्कार वि. वि.

रजा मिळाली नाही, तेव्हा घरी ठेवलेल्या कॅमेऱ्यानं तिसरा फोटो तूच काढ. फिल्मच्या एकाच तुकड्यावर चैत्रात भाताच्या रोपांसाठी पालापाचोळ्याचा राब जळताना आपलं शेत घेतलं, आषाढात रोपं लावायला आवणीचं पाणी भरलेलं घेतलं. आता त्यावरच पिकलेलं भात घ्यायचंय. तिन्ही मिळून काय दिसेल, देव जाणे! पुढच्या पावसात शेत धरणाखाली जाणार, मग पुन्हा कुठून काढू? बांधावरच्या माझ्या दगडांवरच कॅमेरा ठेव, खटका एकदाच दाब, चावी फिरवू नकोस, नाहीतर फिल्म पुढे सरकेल.

बा नव्या गावठाणात यायला अजून नाहीच म्हणतो का? लोभ ठेव, आणि भिंगापुढे बोट ठेवू नकोस.
तुझा मंगळू

घोटीजवळून,
१४ नोव्हेंबर

चि. मंगळूस अक्काचे अनेक आशीर्वाद.

कॅमेरा गावातल्या जयरामच्या हाती धाडलाय. चावीला हात लावला नाय, शपथ! पण नुसतं शेत कसं काढायचं रे? धरणाच्या मोजणीवाल्यांना शेतात माणूस दिसला नाय की ते जमीन पडीक लिहितात, गावानं बघितलंय. म्हणून बाला पांढरं धोतर-पटका घालून मधोमध उभा केला. हलू नको म्हटलं तर बिचारा श्वासच धरून राहिला.

गावाची घरं वर नव्या गावठाणात उभी राहिली, आपलं जोतंसुद्धा नाय. बा ऐकत नाय. पाणी चढायला लागलं तर त्याला कसा काढू? लय धडकी भरते. माया आहेच, पण येऊन जा.
फुलाअक्का

नाशिक रोड,
३ डिसेंबर

ती. अक्कास सा. न.

तुझं पत्र वाचून कपाळावर हात मारला. शेत सांगितलं, तू माणूस उभा केलास! पण फोटो हाती आला आणि बघतच राहिलो. वर राबाचा धूर, खाली आवणीचं पाणी, त्यातून लोंब्या, आणि बा छातीएवढ्या पाण्यात उभा. हे माझ्या मनातही नव्हतं. सोबत पाठवतोय. त्याला दाखवायची मला भीती वाटते, तूच ठरव.
मंगळू

घोटीजवळून,
११ डिसेंबर

चि. मंगळूस आशीर्वाद.

बाला दाखवला. आधी त्यानं उलटा करून मागं काय हाय ते बघितलं, मग दिवसभर ओसरीवर घेऊन बसला. मला वाटलं, रडेल आता. तर विचारलं, पाण्याखाली भात तसंच ऱ्हायलं का. मी म्हटलं, नाय बा, कापून घरात आणलं की आपण. तसा कोयता घेऊन उठला. म्हणाला, वर राबाला जागा कुठली धरायची, ते बघून येतो.

चढावर गेलाय. मी दारातूनच लिहितेय.
तुझी अक्का