मनगटावरचा पट्टा

३ जानेवारी
आली बाबा एकदाची शंकर नगरच्या या सेवाघरात. मले अक्षर येत नाही, म्हणून नातीनं, ओवीनं, गळ्यात फोन अडकवून दिला. आजी, तू बोल, तो लिहिते, म्हणे. मग काय, मले आयतं गिऱ्हाईक सापडलं. मांडीचं हाड जुळेपर्यंत महिनाभर राहायचं. दोन फेब्रुवारीले माझा लेक निरंजन न्यायले येणार.

इथली मदतनीस साक्षी, भाटापाऱ्याकडची पोट्टी. तिनं वजन केलं, लुगडी मोजून यादीत लिहिली, मनगटावर नावाचा पट्टा बांधला: द्वारकाबाई, खाट सात. नवऱ्याचं नाव विचारलं. मी म्हटलं, साठ वर्षं तोंडातून काढलं नाही, ते आता तुह्या कागदासाठी काढू? हसत हसत तिनं निरंजनले विचारलं.

आठ नंबरच्या खाटेवर शांताबाई. तोंड भिंतीकडे, शब्द नाही. दोघींचं मीच बोलते.

११ जानेवारी
घंटा दाबून बोट दुखलं. साक्षी दारातूनच म्हणते, हव दाई, आत्ता आली. तिच्या गावाकडे आईले दाई म्हणतात. तिचं आत्ता जेवणं झाल्यावर येते. वेळ जात नाही म्हणून फोनले सगळं सांगून राहिली: निरंजनच्या कपाळावरची खोक कशी पडली, सुनेच्या भाजीत मीठ काहून कमी, देवघराची किल्ली कुठं. शांताबाई ऐकते. मी थांबली की खाट हलवते.

२० जानेवारी
माझी जागा बदलली. आठ नंबर न्हाणीजवळ, म्हणून मी तिकडे, शांताबाई सातवर. माणूस हललं की त्याची फाइल, गाठोडं, पट्टा त्याच्यासंगं हलवायचं, हे मदतनिसाचं काम. साक्षीनं अंघोळीले दोघींचे पट्टे काढले आणि खाटेच्या नंबरानं परत बांधले. फाइली, गाठोडी जागच्या जागी. दुपारपासून मले चहा बिनसाखरेचा. म्हटलं, मले शुगर नाही. पट्टा वाचून म्हणते, आहे ना, शांता दाई.

चार जणींले सांगून झालं. चारही जणी माझ्या तोंडाकडे नाही, मनगटाकडे पाहतात.

२ फेब्रुवारी
सकाळी साक्षीनं सात नंबरचं सामान यादी पाहून भरलं. माझी लुगडी. माझी शाल शांताबाईच्या खांद्यावर. मी ओरडली, तर नर्सनं गोळी दिली. चाकाच्या खुर्चीतून जाताना शांताबाई पहिल्यांदा बोलली. येते हो शांताबाई, जपा, म्हणाली. आवाज माझा.

खिडकीतून पाहिलं. निरंजन पाया पडायले वाकला. तिनं त्याच्या कपाळावरची खोक कुरवाळली.

३ फेब्रुवारी
साक्षीनं निरंजनले फोन लावून दिला. तो म्हणते, आई घरीच आहे, देवघर उघडून बसली. काय सांगावं या पोट्ट्याले. साठ वर्षांची लाज गिळली आणि म्हटलं, श्यामराव. तुह्या बापाचं नाव श्यामराव.

तो हळूच म्हणते —

"माझी आई बाबांचं नाव कधी घेत नाही, शांताबाई."

५ फेब्रुवारी
न्हाणीतल्या आरशात — नाही. ते नाही सांगत.

६ फेब्रुवारी
ओवीचा फोन. शांताआजी, तुम्ही बोलत राहा, म्हणे. इथं बोललेलं तिच्या मोबाइलवर पोचते. रोज संध्याकाळी ती आजीले वाचून दाखवते. आजी मन लावून ऐकते, अजून काय लिहिलं विचारते —

म्हणजे जे बोलली ते तिचं झालं.

निरंजनची खोक — कशानं पडली होती? मीच सांगितलं होतं ना?

७ फेब्रुवारी
बोलायचं नाही. पण गप्प राहिली तर द्वारका आहे कुठं —

एकच उरलं माझ्याजवळ. लग्नात नाव बदललं माझं. माहेरचं नाव निरंजनलेही माहीत नाही, कोणालेच नाही. ते तरी विसरायच्या आधी एकदा — माझ्या मायनं ठेवलेलं नाव —