पस्तीसच्या जागी सव्वाशे

४ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझा जनरेटर काल पोचला. क्रेन आत यावी म्हणून कुंपण काढावं लागलं! शेजारीण विचारत होती, अंडी उबवायचीत की सगळ्या वस्तीला उजेड द्यायचाय. दादा, डिसेंबरात तू स्वतः आमच्या उबवणी केंद्रात येऊन अंड्यांची कपाटं, पंखे, पंप, सगळं मीटर लावून मोजलंस. पंप सुरू होतानाचा झटका धरूनही पस्तीस केव्हीएचा जनरेटर पुरे म्हणालास. मग हा सव्वाशेचा कसा? हे म्हणतात, भाऊ त्या धंद्यातला आहे, तू मध्ये तोंड घालू नकोस. म्हणून हळूच विचारते. वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, तो आणखी वाढवावास.

तुझी धाकटी

११ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

छाती दडपली ना? अगं, पस्तीस ही आजची गरज. उद्या कपाटं वाढवशील तेव्हा काय करशील? मोठं मशीन दमत नाही. सख्ख्या बहिणीला लहान द्यायची मला लाज वाटली. बिनधास्त वापर, आणि शेजारणीला म्हणावं, जळू नकोस. मुलांना पापा. माया राहू दे.

दादा

२० मे

ती. दादास,
शि. सा. न.

इकडे रोज तीन-चार तास वीज जाते. जनरेटर पांढरा धूर ओकतो, सायलेन्सरमधून काळं चिकट तेल गळतं. मागच्या पत्राला तुझं एका ओळीचं उत्तर आलं, की नवं मशीन असंच करतं. पण आता साडेतीन महिने झाले रे. एकदा येऊन जा ना. तुझी वाट बघते.

धाकटी

२९ जून

दादास,

सोमवारी सकाळी गेलेली वीज मंगळवारी दुपारी आली. जनरेटर तीन तास धापा टाकत चालला आणि बंद पडला, तो पुन्हा सुरूच झाला नाही. अंडी विसाव्या दिवसाची होती. काहींना आतून टोच मारल्याचे तडे गेले होते, कानाशी धरलं की चिवचिव ऐकू यायची. आम्ही चादरी घातल्या, गरम पाण्याच्या बाटल्या लावल्या. बारा हजारांतून सातशे पिल्लं निघाली.

तुझ्या दुकानातल्या मिस्त्रींनी येऊन इंजिन खोललं. म्हणाले, मशीनवर पाचव्या हिश्शाएवढाही लोड नव्हता. इंजिन कधी नीट तापलंच नाही, डिझेल अर्धवट जळत राहिलं आणि आत काजळी बसली. मग पाटीवरचा नंबर वाचला आणि हत्यारं आवरायला लागले. मी खोदून विचारलं तेव्हा सांगितलं, की हे मशीन एका सभागृहानं नाकारलेलं, दोन वर्षं तुझ्या गोदामात पडून होतं. एवढ्या कमी लोडवर ते बिघडेल असं त्यांनी तुला बजावलं होतं. त्यावर तू हसलास म्हणे. तिला त्यातलं काय कळतंय, म्हणालास.

हे खोटं आहे एवढं लिहून पाठव. मी तुझ्यावर विश्वास ठेवीन.

धाकटी

६ जुलै

चि. धाकटीस,

मिस्त्री खोटं बोलले नाहीत. तुमच्याकडे वीज फार वेळ जात नाही, निभावेल, असं वाटलं. दुसऱ्या कुणाला दिलं असतं तर त्यानं चारजणांना विचारलं असतं. तू कुणालाच विचारणार नाहीस हे मला ठाऊक होतं. तुझी वहिनी माझ्याशी बोलत नाही. पस्तीसचं मशीन या आठवड्यात पाठवतो. रागाव, पण उत्तर दे.

दादा

१४ जुलै

दादास,

पस्तीसचा पाठवू नकोस. एका अनोळखी माणसाकडून घेतला. तो दोनदा आला, सगळं एकदम चालू करायला लावून मोजलं. मी पन्नासचा मागितला तर चक्क नाही म्हणाला, लोड कमी पडून खराब होईल म्हणाला. मला तिथेच रडू फुटलं. तो बिचारा घाबरला, आपलं काय चुकलं म्हणून.

तुझा जनरेटर आज ट्रकवर चढवला. तो उतरवून घे. राखी तोंडावर आलीय, तेव्हा रक्षण, माया, असलं काही लिहू नकोस.

आईला मी काही सांगितलेलं नाही. ती अजून येईल-जाईल त्याला कौतुकानं सांगते, की भावानं बहिणीला दुकानातला सगळ्यात मोठा दिला.

धाकटी