तोरणाखाली बाईची झडती

गुरुजी, यंदा आपल्या यवतमाळात दसरा झाल्यापासून नाटकाशिवाय दुसरी गोष्ट नाही. देवीचे मांडव उतरले, त्यांचे बांबू अजून रस्त्याच्या कडेला पडून आहेत, आणि नाट्यस्पर्धेसाठी गावात एकाच वेळी तीन तालमी चालल्या. एक मंगल कार्यालयात, एक शाळेच्या वर्गात बाकं भिंतीला सारून, आणि आमची लोहाऱ्याला, एका बंद डाळ मिलच्या शेडमध्ये. आमची म्हणतो, कारण मुलांचे उच्चार बघायला म्हणून या वयात मलाही धरून नेलं. कुणी दिवसभर दुकानात, कुणी कारखान्यात, कुणी सोयाबीनच्या मळणीवर. संध्याकाळी केसांत कुटाराचा भुसा घेऊनच येतात. मी खुर्ची टाकून बसतो, पत्र्याच्या फटींतून शरदाचं ऊन तिरपं उतरतं, आणि कुणीतरी एखादी ओळ लयीत म्हटली की शेड नाहीशी होते. तुमचा वर्ग असतो, खिडकीत कडुनिंब असतो, आणि तुम्ही डोळे मिटून टेबलावर बोटांनी ताल धरून राह्यलेले असता.

तुमचं स्वयंपाकघरही दिसतं. शाळेच्या गॅदरिंगमध्ये माझी फजिती झाली, त्यानंतरचं. आठवतं ना? मी मोठ्या भावनेनं कविता म्हणत होतो, कडवं संपलं, श्वास घ्यायला थांबलो, आणि मागं सतरंजीवर बसलेल्या शेतकऱ्यांनी एकदम आरोळी दिली, 'हर हर महादेव'. पोळ्याच्या तोरणाखाली बैलांपुढं कुणी झडतीच्या ओळी म्हटल्या की शेवटी साऱ्या गावानं असंच ओरडायचं असतं. त्यांना कविता आणि झडती यांत फरक वाटला नाही. पुढच्या खुर्च्या हसून लोळल्या. तुम्ही विंगेतून माझा हात धरून मला आत ओढलं. "श्वास घेतला नसता त मेला असता का रे?" म्हणालात. दुसऱ्या दिवशी मात्र घरी नेऊन पाटावर बसवलंत, गुरुपत्नींनी चुलीवर दूध ठेवलं, आणि दूध वर येईपर्यंत अख्खं कडवं एका श्वासात म्हणायचं, अशी शिकवणी सुरू झाली. साय मला मिळायची. ऐकणाऱ्याला मध्ये बोलायला जागा ठेवायची नाही, हे तुमचं म्हणणं मी तेव्हापासून देववाक्यासारखं जपलं.

आणि यंदा नेमका त्याच्याशीच माझा झगडा लागला. आमचं नाटक लिहिणारी, बसवणारी आणि त्यात मुख्य काम करणारी एकच पोरगी आहे, राजूरची, इथं एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरीला. गोष्ट साधी. एका गावात पोळा आहे, पण बैल उरलेले नाहीत. तोरणाखाली ट्रॅक्टर उभे आहेत. ट्रॅक्टरपुढं झडती काय म्हणायची, म्हणून पुरुष मान खाली घालून गप्प. तेव्हा जिनं जन्मभर बैलांचे पाय धुतले, ती बाई रिकामा कासरा घेऊन पुढं येते आणि स्वतः झडती म्हणते. तुम्हाला ठाऊकच आहे, बायकांनी बैल ओवाळायचे, झडती मात्र पुरुषांची. आता ही पोरगी झडती म्हणून झाली की थांबायची. काही करायची नाही, नुसती लोकांकडं बघत उभी. मी तुमचं नाव सांगून म्हटलं, ही मधली जागा काढ, खेळ तिथं पडतो. ती म्हणाली, "काकाजी, झेलनारे नसन त ते झडती कायची?"

लोक हसले त मागच्या दारानं पळाची तयारी ठेवजा, अशी पोरांनी माझी थट्टा केली, पण भीती साऱ्यांनाच होती. थिएटरात कुणी उत्तर दिलं नाही तर ती तिथं कासरा धरून एकटी उभी राहणार, आणि नाटक तिच्यासकट खाली बसणार. एकानं सुचवलं की आपलेच दोघे-चौघे मागं बसवू, ते ओरडतील. तिनं साफ नकार दिला. "गावानं देल्लं त देल्लं. आपले मानसं बसवाचे नाही."

स्पर्धेच्या दिवशी मी विंगेत, पडद्याची दोरी माझ्याकडं. एरवी बाहेरचं नाटक आलं की तिकीट मिळत नाही, आणि आपल्या गावच्या नाटकाला नटांचे नातेवाईक तेवढे. यंदा पोळ्याचं नाटक आहे म्हणताना उमरखेडकडून एसटीनं माणसं आली होती. बायका पायऱ्यांवर बसल्या होत्या. ती पुढं आली आणि म्हणाली:

तोरण बांधलं आंब्याचं, वाजे डफडं जोर जोर,
बैल गेले बाजाराले, हाती राह्यला नुसता दोर.

आणि थांबली. पुढून कुणीतरी फिसकन हसलं. मी मनात म्हणत होतो, बोल पोरी, पुढची ओळ बोल, अजूनही सावरता येईल. ती कासरा धरून लोकांकडं बघत राहिली. मग मागून, पायऱ्यांवरून, एका म्हाताऱ्या बाईचा फाटका आवाज आला, 'हर हर महादेव'. ओरडायची तिचीही बहुधा ती पहिलीच वेळ. मग बायका, मग पुरुष, मग पुढच्या खुर्च्यासुद्धा. दुसऱ्या झडतीला तर थांबावंही लागलं नाही. शेवटच्या झडतीला छताचे पंखे हलल्यासारखे वाटले.

पहिला नंबर आला, गुरुजी. अंतिम फेरीला आपलं गाव जाणार. निकाल ऐकताना मी तुमच्याशी भांडत होतो. श्वासाचं तुमचं खरंच होतं, ती दोन ओळी अशा म्हणते की दूध उतू जावं. पण त्या दिवशी सतरंजीवरचे ते लोक माझी टर उडवत नव्हते. त्यांनी माझी कविता झेलली होती. हसलो ते आपण शिकलेले.

आता एक राहिलं. परीक्षकांनी शेवटाचं फार कौतुक केलं. आरोळी उठल्यावरही दिग्दर्शिकेनं पडदा पडू दिला नाही, गाव आणि रंगमंच एक होईपर्यंत धीर धरला, असं म्हणाले. तिनं माझ्याकडं वळून हात जोडले आणि नंतर म्हणाली, "काकाजी, फायनललेही एवढाच वेळ ठेवजा." मी मान हलवली. खरं तर पडदा वेळेवरच टाकायचा ठरला होता. माझ्या हातात दोरीच नव्हती, गुरुजी. दोन्ही हात वर करून मी ओरडत होतो. पोरीला हे अजून सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही गेलात, आता हे पत्र कुठं टाकायचं नाही.